मिस्टर थांबे यांचं शेवटचं प्रकरण

मंगळवार, १२ जानेवारी १९३७

ही वही मी खरं तर लेनसाठी आणली होती. लेन सकलिंग हा आमच्या कॉपलीच्या कालव्यावरचा नवा दरवाजेवाला, म्हणजे नावा वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे सांभाळणारा, माझ्या जागी आलेला. त्याच्या हातून होणाऱ्या चुका रोजच्या रोज टिपायच्या आणि महिनाअखेरीस त्याला वाचून दाखवायच्या, असा विचार होता. दोन पानं भरलीही होती. ती आज फाडली, कारण या घरात त्याहून फार मोठी गोष्ट घडली आहे आणि ती कुणीतरी तारीखवार लिहून ठेवायला हवी.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पोस्टमन आला. पत्र लंडनचं, टाइप केलेलं, पाकिटावर नाव मिसेस के. टेबट. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण केझियाला टाइप केलेलं पत्र कधी आलं नव्हतं. तिने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग एप्रनच्या खिशात घातलं आणि चुलीवरची लापशी ढवळायला लागली.

मी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. माझं पुस्तक छापतायत."

"कसलं पुस्तक?"

"मुलांसाठी. गोष्टींचं."

"कधी लिहिलंस?"

"गेले दोन हिवाळे. इथेच, तुझ्यासमोर बसून."

मला वाटत होतं ती कॉव्हेंट्रीला बहिणीला पत्रं लिहितेय. एकदा मी तिला म्हटलंही होतं की एवढ्या बातम्या कॉपलीत घडत तरी कुठे आहेत.

पुस्तकाचं नाव 'मिस्टर थांबे आणि कालव्यावरची मंडळी'. मी दुपारपर्यंत लेनला सांगितलं, दुकानात मिसेस येलंडला सांगितलं, पाद्रीसाहेबांना सांगितलं, वर जाणाऱ्या तीन नावांना आणि खाली जाणाऱ्या एका नावेला सांगितलं. खाली जाणारी माणसं बर्मिंगहॅमची, आम्हाला ओळखतही नव्हती. पण दोन दरवाज्यांच्या मधलं पाणी उतरायला पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात ऐकून घेण्याशिवाय ती करणार काय?

मला आज दोनदा जेवल्यासारखं वाटतंय.

शुक्रवार, १५ जानेवारी

केझिया म्हणत होती, छापून आल्यावर वाच. मी म्हटलं, कालव्याची गोष्ट आहे, दरवाज्यांची आहे, एकतीस वर्षं दरवाजे सांभाळलेला माणूस घरात आहे. त्याच्या नजरेखालून न जाता ती लंडनला गेली हेच आधी चुकलं. शेवटी तिने सातातली सहा प्रकरणं दिली. मी टेबलापाशी पेन्सिल घेऊन बसलो.

मिस्टर थांबे हा राखी बगळा. कालव्याच्या दरवाज्यांवर त्याची नेमणूक आहे. गळ्यात घड्याळ. बदकं असोत, पाणउंदीर असो की बेडकांचं भजनी मंडळ, जो येईल त्याला त्याचं एकच म्हणणं: "थांबा. नंबरानं या." शेजारी एक पाणकोंबडी राहते. ती रोज बार्लीचं सूप करते आणि थांबेचं काम संपायची वाट पाहते. तिचा त्याच्यावर जीव आहे. का आहे ते मला कळलं नाही.

तिसऱ्या प्रकरणात लग्नाला निघालेली एक हंसीण दरवाजे बंद झाल्यावर चार मिनिटांनी पोचते आणि थांबे तिला सकाळपर्यंत ताटकळत ठेवतो. असंच काहीसं मी एकोणीसशे तेरा साली बिअरच्या कारखानदाराच्या मुलीच्या बाबतीत केलं होतं, ती सहा मिनिटं उशिरा आली होती. केझियाच्या डोक्यात ते कुठेतरी राहिलं असणार.

एकंदरीत गोष्ट फार मजेची आहे, मी चार वेळा मोठ्याने हसलो. पण थांबे हे पात्र काही पटलं नाही. नियम पाळणं वेगळं आणि उंदराला छत्री नीट मिटली नाही म्हणून रांगेच्या शेवटी पाठवणं वेगळं. मी केझियाला म्हटलं, "इतका ताठ कुणी असतो का? लोकांना खरं वाटणार नाही."

"वाटेल बहुतेक," ती म्हणाली आणि कोळसा आणायला बाहेर गेली. बादली भरलेलीच होती. बराच वेळ आली नाही.

दरवाज्यांच्या कामाबद्दल एकोणीस दुरुस्त्या काढून दिल्या. तिने सतरा मान्य केल्या.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

चित्रकार बाई आज परत गेल्या. मिस फेन, वय तिशीच्या आत, पायात पुरुषांची पँट. मिसेस येलंडच्या माडीवर तीन दिवस उतरल्या होत्या. मी सगळं दाखवलं. दरवाज्याचा लांब लाकडी दांडा पाठीने कसा रेटायचा, पाण्याच्या झडपा कशा उचलायच्या, रांग कुठून कुठपर्यंत उभी करायची. त्यांना सगळ्यातच रस होता. दमट हवेत माझा उजवा गुडघा दुखतो, म्हणून मी तो पाय मधूनमधून वर उचलून धरतो. बाई म्हणाल्या, "अगदी असेच उभे राहा, मिस्टर टेबट."

"किती वेळ?"

"जमेल तितका वेळ. आणि घड्याळ बघा."

नावा आणि दरवाजे यांच्या शेजारी एखादं माणूस काढलं की मोठं-लहान कळतं, त्यासाठी असणार. मी पाऊण तास उभा राहिलो. निघताना त्यांना म्हटलं, "खालच्या वळणावर दोन बगळे असतात. तुम्ही ते पाहिलेच नाहीत."

"बगळ्याचं काम झालं माझं," बाई म्हणाल्या.

लेन दांड्यावर बसला होता, तोंडावर टोपी धरून, आणि त्याचे खांदे हलत होते. हिवताप असावा. त्याला गरम पाण्यात मोहरी घालून पाय बुडवून बसायला सांगितलं.

सोमवार, २२ फेब्रुवारी

लंडनहून संपादक बाई, मिस लॉरिमर, यांचं पत्र. चार पानी. लंडनमध्ये ऑफिसात बसून शिकलेली माणसं आमच्या कालव्यावर चार-चार पानं लिहितात, याचं मला इतकं अप्रूप वाटलं की मी ते तीनदा वाचलं.

अडचण शेवटच्या प्रकरणाची आहे. ते मी अजून वाचलेलं नाही. दुरुस्त्यांच्या गडबडीत राहूनच गेलं. केझियाने सांगितलं की शेवटी पाणकोंबडी एका नावेत बसून निघून जाते. नाव वळणावरून दिसेनाशी होते आणि पुस्तक संपतं. मिस लॉरिमर लिहितात की मुलं विचारतील, मग मिस्टर थांबेंचं काय झालं? त्याचं उत्तर असल्याशिवाय पुस्तक काढता येणार नाही. मार्च संपायच्या आत हवं.

मी म्हटलं, "सोपं आहे. ती परत येते. सूप कोण करणार?"

केझियाने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "ती परत येते, ते मला माहीत आहे. पण ती नसताना तो काय करतो, ते मला कसं कळणार, अमोस? मी तिथे नव्हते."

तिथे नव्हते म्हणजे काय? ही गोष्ट आहे. लेखकांचं डोकं कसं चालतं देव जाणे. पण आता मी एका लेखिकेच्या घरात राहतो, सवय करून घ्यायला हवी.

मंगळवार, ९ मार्च

चित्रं आली. सगळीच्या सगळी, चौदा. मी ती जेवणाच्या टेबलावर नंबराने मांडली आणि खोलीत मला बसवेना. काय हात आहे त्या बाईचा. पाणउंदराची छत्री, बेडकांच्या टोप्या, पाणकोंबडीच्या खिडकीतली सुपाची वाफ. आणि थांबे, एका पायावर, दरवाज्याच्या दांड्याला टेकून, घड्याळ बघताना.

थांबेच्या अंगात जाकीट आहे, अगदी माझ्या जाकिटासारखं. माझं दुसरं बटण तपकिरी दोऱ्याने शिवलंय, कारण त्या दिवशी काळा दोरा संपला होता. चित्रातल्या बटणालाही तपकिरी दोरा आहे. मिस फेन यांची नजर फार बारीक. मला अभिमान वाटला आणि मी ते केझियाला दाखवलं. ती म्हणाली, "अमोस, मला तुझ्याशी जरा बोलायचंय." तेवढ्यात लेनने खालचे दरवाजे वरच्या आधी उघडले आणि मला धावावं लागलं.

गुरुवार, ११ मार्च

दुकानात गेलो होतो, चहापत्ती आणायला. मिसेस येलंडची नात आयव्ही, वय वर्षं सात, ओट्यावर बसली होती. मला पाहून ती आजीला म्हणाली, "आजी, मिस्टर थांबे आले."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

मिसेस येलंड कानापर्यंत लाल झाली. "गप बस, आयव्ही. काय वाट्टेल ते बोलते."

"पण टेबटकाकूंनी शाळेत सांगितलं ना. दर गुरुवारी सांगतात. ते बघ, बटण."

मला वाटत होतं केझिया गुरुवारी शाळेत विणकाम शिकवायला जाते.

दुकानात आणखी तीन माणसं होती. तिघंही बिस्किटांच्या डब्याकडे बघत होती. मी चहापत्ती न घेता घरी आलो आणि ते चित्र घेऊन दारामागच्या आरशासमोर उभा राहिलो.

शुक्रवार, १२ मार्च

काही नाही.

रविवार, १४ मार्च

चर्चला गेलो नाही. तिथे सगळा गाव असतो, आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे. लेनला ठाऊक आहे. नावाड्यांना ठाऊक असणार, कारण बातमी कालव्यावरून नावेपेक्षा लवकर पोचते. जानेवारीपासून मी प्रत्येकाला थांबवून थांबवून सांगत होतो आणि ते ऐकून घेत होते.

दुपारी केझियाशी बोललो.

"एकतीस वर्षं," मी म्हटलं. "माझ्या दरवाज्यांत एक नाव बुडाली नाही, एक मूल पाण्यात पडलं नाही. आणि तू माझा बगळा केलास."

"तुला हसावं म्हणून नाही केला."

"मग कशासाठी?"

तिने टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा केले. "मुलांना सगळ्यात जास्त थांबेच आवडतो, अमोस. पाणउंदीर नाही, बेडूक नाहीत. तो आला की ती सरसावून बसतात. तो तसा आहे म्हणूनच ती त्याच्यावर जीव टाकतात."

"छत्रीवरून उंदराला मागे पाठवणारा?"

"तू त्या लोखंड वाहणाऱ्या नावाड्याला मागे पाठवलं होतंस. नावेवर नाव नीट रंगवलं नाही म्हणून."

"तो नियम होता."

"हो ना. मी काही नाही म्हणाले."

खरंय, ती कधीच काही म्हणाली नाही. मी विचार करून पाहिला, बत्तीस वर्षांत ती काय काय म्हणाली, आणि मला फार थोडं आठवलं. ते मला चित्रापेक्षा जास्त लागलं, पण मी ते बोललो नाही. मी म्हटलं की गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

ती उठली, कागद घेतला आणि उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या. पुस्तक छापू नये, चित्रं परत पाठवते, तसदीबद्दल माफी असावी. पाकीट बंद करून माझ्यापुढे ठेवलं. "उद्या टाक पेटीत," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १५ मार्च

सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी पाकीट घेऊन निघताना मी तिला म्हटलं, ते सातवं प्रकरणही दे. मला अजून काय काय केलंयस ते तरी कळू दे. तिने कागद दिले. पत्रपेटी पुलापाशी आहे, शेजारी बाक आहे. मी बसलो आणि वाचलं.

पाणकोंबडी सूप करते. सूप निवतं. ती पुन्हा गरम करते, पुन्हा निवतं. मग ती आपलं सामान बांधून दरवाज्यापाशी येते आणि म्हणते, "मी जाते." थांबे नावा मोजत असतो. वर न बघता तो म्हणतो, "थांबा. नंबरानं या." आणि पाणकोंबडी रांगेत उभी राहते. तिच्यापुढे सात जण असतात. ती सातही जणांना पुढे जाऊ देते, तिचा नंबर येतो, थांबे दरवाजा उघडतो, घड्याळ बघून वेळ लिहून घेतो, आणि ती जाते.

मी पुष्कळ वेळ बाकावर बसलो. दोन बसगाड्या गेल्या. मग पत्र खिशात घालून घरी आलो. नऊ मिनिटांचा रस्ता, मला सहा लागली.

केझिया बटाटे सोलत होती. मी कोट न काढताच म्हटलं, "तो काय करतो ते मला माहीत आहे."

"कोण?"

"थांबे. ती गेल्यावर."

तिने सुरी खाली ठेवली.

मी सांगितलं. हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. सव्वीस सालच्या ऑक्टोबरात केझिया तीन आठवडे कॉव्हेंट्रीला बहिणीकडे होती, मर्सीच्या छातीचं दुखणं होतं म्हणून. पहिल्या दिवशी मी नेहमीसारखं काम केलं. दुसऱ्या दिवशी चहाचे दोन पेले भरले आणि दोन्ही निवेपर्यंत बघत बसलो. चौथ्या दिवशी दुपारी पाच नावा दरवाज्याशी उभ्या होत्या आणि मी पुलावर होतो, कॉव्हेंट्रीची चार वीसची बस बघायला. पाचव्या दिवशीही. मग रोज. माझं घड्याळ बंद पडलं होतं, चावी द्यायची राहून गेली. नावाडी आपले आपण दरवाजे उघडून जात होते. म्हातारा जॉब हॉलिस दोन दिवस नाव काठाला बांधून थांबला आणि माझ्या जागी उभा राहिला. त्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. रजिस्टरात त्या दिवसांच्या वेळा मी नंतर मनाने लिहिल्या. एकतीस वर्षांतल्या तेवढ्याच खोट्या नोंदी.

केझिया भिंतीला टेकून उभी होती.

"आणि मी उतरले तेव्हा," ती म्हणाली, "तू पुलावर होतास. मला बघून काय म्हणालास, आठवतंय?"

"नाही."

"म्हणालास, बसला सात मिनिटं उशीर झाला."

"झाला होता. रोज वेळेवर यायची."

ती हसायला लागली, आणि मधेच ते हसणं राहिलं नाही, आणि तिने ओला हात माझ्या कोटावर ठेवला, बटणापाशी. "दहा वर्षं," ती म्हणाली. "दहा वर्षं मी ते वाक्य मनात धरून बसले. रोज यायचास, एवढं तरी सांगायचंस."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," ती म्हणाली.

मग तिने माझ्या खिशातलं पाकीट काढलं आणि चुलीत टाकलं. टेबल पुसलं, कागद घेतले, आणि मला म्हणाली, "परत सांग. जॉब हॉलिसपासून. सावकाश सांग." मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मधे मधे विचारायची, पूल ओला होता का, पेल्यात साखर घातली होतीस का. असलं कुणी मला आयुष्यात विचारलं नव्हतं. जेवण मी केलं. बटाटे खालून लागले. तिने ते न बघता खाल्ले.

बुधवार, २४ मार्च

शेवटचं, आठवं प्रकरण काल पूर्ण झालं. आज मला वाचून दाखवलं. मी खिडकीबाहेर बघत ऐकलं.

दुरुस्त्या: शून्य.

पोस्टात मीच टाकलं. पेटीत टाकल्यावर पाकीट आत पडल्याचा आवाज आला का, ते नीट ऐकून घेतलं.

मंगळवार, ३० मार्च

तार आली. 'मिस्टर थांबेंचं शेवटचं प्रकरण मिळालं. ऑफिसात वाचून दाखवताना मला दोनदा थांबावं लागलं. एक शब्दही बदलू नका. लॉरिमर.'

ती घेऊन मी थेट दरवाज्यांवर गेलो. लेन टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्टर टेबट, त्या दिवशी मी हसत होतो. हिवताप नव्हता."

"कळलं मला ते," मी म्हटलं. "आता हे वाच. हे माझ्याबद्दल आहे."

त्याने वाचलं. मग वर जाणाऱ्या नावेला दाखवलं. नावेवरच्या बाईने विचारलं, "थांबे कोण?" आणि मीच सांगितलं, "मी." सांगताना छाती इतकी भरून आली की तिची नाव खालच्या रांगेत उभी आहे की वरच्या, ते बघायचं राहिलं.

रविवार, २० जून

मर्सी दोन दिवसांसाठी आली आहे. केझियाने शहाजिऱ्याचा केक केला. गावात नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या पताका अजून लटकताहेत, कुणी उतरवायला तयार नाही.

चहाला बसल्यावर मी विचारलं, "मर्सी, छाती कशी आहे आता?"

"कुणाची?"

"तुझी. सव्वीस साली तीन आठवडे दुखणं झालं होतं ते."

"मला?" मर्सी म्हणाली.

"मर्सी, केक घे," केझिया म्हणाली.

मर्सीने बहिणीकडे पाहिलं, केक घेतला आणि म्हणाली, "हो, हो. बरी आहे आता." मग ती जरा खोकली. वय झालं की माणसं स्वतःची दुखणीसुद्धा विसरतात.

संध्याकाळी छापखान्यातून तपासायला आलेली पानं घेऊन बसलो. अक्षरं स्वच्छ, कागदाला वास छान. एकच चूक सापडली, तीही सातव्या प्रकरणात, जी मी मार्चमध्ये मनःस्थिती ठीक नसल्यामुळे पाहिली नव्हती. पाणकोंबडीच्या सामानात सुपाचं भांडं आहे, भिंतीवरचं घड्याळ आहे आणि हिवाळ्याची जाड रजई आहे. थोडे दिवस जाऊन येणारा माणूस भिंतीवरचं घड्याळ कशाला नेईल? मी पेन्सिलने गोल केला आणि केझियाला दाखवला.

"ते राहू दे," ती म्हणाली.

"पण चूक आहे. मुलांना वाटेल ती परत येणारच नव्हती."

"चूक नाहीये, अमोस."

ती माझ्याकडे बघत होती. मर्सी खिडकीपाशी गेली आणि बाहेरच्या पताका मोजायला लागली.

मी रबर घेतलं आणि गोल पुसला. रजई राहिली, घड्याळही राहिलं. त्यानंतर मी अर्धा तास कालव्यावर फिरून आलो. परत आलो तेव्हा केझिया दारात उभी होती. मी तिला विचारलं, पाय दुखतायत का, बस जरा, चहा मी ठेवतो.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

पुस्तकं सोमवारी आली. निळ्या कापडाचं मुखपृष्ठ, त्यावर थांबे. लेखिकेचं नाव पूर्ण छापलंय: केझिया टेबट. मी सहा प्रती घेतल्या आणि मग एक प्रत बर्मिंगहॅमच्या त्या नावेसाठी लेनकडे ठेवली, ती पुन्हा येईल तेव्हा द्यायला.

आज शाळेत वाचन होतं. पन्नासेक मुलं, मागे त्यांच्या आया, दाराशी चार नावाडी, मिस फेन पँट घालून, आणि लंडनहून खास आलेल्या मिस लॉरिमर, ज्या माझ्या कल्पनेपेक्षा खूपच ठेंगण्या निघाल्या. केझिया उभी राहिली, पुस्तक उघडलं आणि तिचा घसा बसला. दर गुरुवारी या मुलांना गोष्ट सांगणारी बाई, पण आज पुस्तक हातात होतं आणि आवाज फुटेना. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी उठलो. जाकीट तेच होतं. आयव्ही पुढच्याच बाकावर होती, ती शेजारणीला कोपराने ढोसत होती.

मी वाचलं. "थांबा. नंबरानं या," हे वाक्य आलं तेव्हा मी ते दरवाज्यावर म्हणायचो तसंच म्हटलं आणि सगळी शाळा माझ्यामागून म्हणाली. दाराशी उभे असलेले नावाडी तर सगळ्यांत मोठ्याने. आयुष्यात इतकी माणसं माझ्यावर एकदम हसली नव्हती, आणि मला वाटत होतं अजून हसावीत. सातव्या प्रकरणाला मात्र कुणी हललं नाही. शेवटच्या प्रकरणात थांबे पुलावर उभा राहतो तेव्हा मला चष्मा पुसावा लागला. पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "पुढे वाचा ना." मी वाचलं. ती उतरते. तो म्हणतो, सात मिनिटं उशीर झाला. ती विचारते, तुम्हाला कसं कळलं? आणि तो सांगतो.

टाळ्या थांबल्यावर आयव्हीने हात वर केला. तिचा प्रश्न केझियासाठी होता. "टेबटकाकू, पाणकोंबडी त्यानंतर पुन्हा कुठे गेली का?"

केझिया आता बोलू शकत होती. "जाते ना. मधूनमधून तिला जावंसं वाटतं."

"मग मिस्टर थांबे काय करतात?"

केझिया थांबली. मिस लॉरिमर थांबल्या. सगळ्या शाळेने माझ्याकडे पाहिलं.

"तो बरोबर जातो," मी म्हटलं.

"आणि दरवाजे?"

"दरवाजे कुणीतरी बघेल."

लेनने मागून टोपी वर केली. केझिया माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "अमोस, हे पुस्तकात नाहीये."

"मी पुस्तकातलं सांगत नाहीये," मी म्हटलं.

तिने माझी बाही सोडली नाही. मुलं उठून रांग न लावता एकदम सगळी पुढे आली, पुस्तकावर सही घ्यायला. मी त्यांना काही म्हणालो नाही.